सव्वा वर्षाची मुलगी दिवसभर बाबाकडे: अंघोळ, जेवण, झोप कशी जमवावी?

प्रश्न
मुलगी १५ महिन्यांची आहे. तिची आई कामावर रुजू झाली, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात घरी मी एकटाच असतो. आजवर मालीश, अंघोळ, भरवणं, निजवणं सगळं आईच्या हातचं. आता अंघोळीला नेलं की अंग ताठ करते, घास पुढे केला की तोंड फिरवते, दुपारी दाराकडे बघत रडते. खेळताना मात्र खुशीत असते. रोजच्या या कामांतूनच तिला माझा लळा लागावा असं वाटतं. तेल किती, पाणी किती, वेळ किती, नेमकं सांगा.

प्रतिसाद १
तिन्ही कामं एकाच दिवशी हातात घेऊ नका. आधी अंघोळ, ती चार-पाच दिवसांत रुळली की दुपारचं जेवण, मग झोप. शक्य असेल तर पहिले दोन दिवस (सुट्टीचे) आई शेजारी नुसती बसलेली असू दे, हात तुमचे.

या वयात आई दिसेनाशी झाली की मूल कासावीस होतं, ते वाढीचंच लक्षण आहे. आईने नजर चुकवून निघू नये. टाटा करून, दार लावून जावं. रडेल, पण दिवसभर दाराकडे बघत बसणं कमी होईल. आणि घड्याळापेक्षा क्रम सांभाळा. तेल, पाणी, कपडे, जेवण, झोप. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी चालतो, पुढे काय येणार हे तिला कळलं पाहिजे.

प्रतिसाद २
अंग ताठ करण्याचं कारण बहुतेकदा डोक्यावर अचानक पडलेलं पाणी असतं. त्यामुळे अंघोळीचं सविस्तर लिहिते.

मालीश खाण्यानंतर पाऊण तासाने. खोबरेल किंवा तिळाचं तेल दोन चहाचे चमचे, बास. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला चुरचुरतं, ते नको. आधी स्वतःचे तळहात चोळून गरम करा. सुरुवात तळपायांपासून, मग पोटऱ्या, मांड्या, हात, पाठ. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका हात. चेहरा शेवटी, नाही जमला तर सोडा. नाकात, कानात तेल अजिबात नको. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. हातपाय ओढून व्यायामही नको.

हे मूल आता आडवं पडून राहणार नाही. खुर्चीला धरून उभी राहू दे, तुम्ही खाली बसून पाय चोळा. तिच्या तळव्यावर दोन थेंब ठेवा आणि तुमचा हात पुढे करा. ती तुम्हाला चोळू लागली की निम्मं काम झालं. सगळं मिळून दहा मिनिटं.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तळापर्यंत ढवळा. कोपर बुडवून पाहा, कोमट लागलं पाहिजे (३७–३८ अंश). टबात बसवणार असाल तर चार बोटं पाणी पुरे. खाली रबरी मॅट हवीच, तेलाच्या अंगाने मूल हातातून निसटतं. लहान तांब्याने आधी पावलांवर पाणी, मग पाठीवर, आणि दर वेळी आधी सांगायचं: "आता पाठीवर हं." डोकं सर्वांत शेवटी, कपाळावर आडवा हात धरून. टॉवेल आणि कपडे घालायच्या क्रमाने आधीच काढून ठेवा. फोन वाजू दे, बेल वाजू दे, क्षणभरही हलू नका. एवढ्याशा पाण्यातही मूल बुडतं.

प्रतिसाद ३
तोंड फिरवतेय तर दूध मोजा. दिवसभरात ५०० मिलीच्या वर जात असेल तर भूकच उरत नाही, शिवाय लोह कमी पडतं. जेवणाआधी दोन तास दूध-बिस्किट बंद.

तुम्हीही तेव्हाच जेवायला बसा, तिला वेगळी ताटली. मऊ वरणभात, वर चमचाभर तूप, शेजारी उकडलेल्या गाजराचे बोटभर तुकडे. एक चमचा तिच्या हातात, एक तुमच्या. सांडेल, खाली जुनी चादर घाला. वीस-पंचवीस मिनिटांत आटपा. दोनदा मान फिरवली की ताटली उचलायची, मागे धावायचं नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. मोबाइल दाखवून भरवू नका. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत आहे. आणि तिचं लक्ष स्क्रीनकडे असेल तर तुमच्याकडे कसं येणार?

प्रतिसाद ४
झोप २४ तासांत ११ ते १४ तास, दुपारची धरून. डोळे चोळायला लागल्यावर नेलं तर उशीर झालेला असतो, म्हणून रडणं वाढतं. नजर एकाच जागी खिळली, खेळणं हातातून सुटू लागलं, की उचला. पडदा ओढा, रोज एकच गाणं, पाठीवर थोपटणं आधी भरभर, मग संथ. आईची लकब उचलू नका, तुमची स्वतःची एक ठरवा. पाळण्याची सवय असेल तर महिनाभर पाळणा तसाच ठेवा, माणूस आणि जागा एकदम बदलू नका. बाटली तोंडात ठेवून निजवू नका, दात किडतात.

प्रश्नकर्ता
आभार. उद्यापासून फक्त अंघोळ. संध्याकाळी आई आली की माझ्याकडे येतच नाही, हातही झटकते. तेव्हा काय करावं?

प्रतिसाद १
ओढून घेऊ नका. पहिला अर्धा तास आईचा. मग रात्री झोपण्याआधी तिचं तोंड पुसणं, पायाला तेल लावणं एवढं मात्र तुमच्याकडेच ठेवा, आई समोर असतानाही.