मदत हवी आहे: दारू सुटली, पण भावाची घालमेल थांबत नाही

धाकटा भाऊ, वय ३४, सातारा जिल्हा. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आला, त्याला आता सात आठवडे झाले. दारूला शिवलेला नाही. पण पहाटे तीनला उठून अंगणात येरझाऱ्या घालतो, हात घामाने ओले, छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल आहे. परवा म्हणाला, "दादा, पीत होतो तेव्हा निदान झोप तरी लागायची. आता जगायचं कशाला?"

मी १४४१६ला (टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन केला. आत्महत्येचा विचार येतो का, हे त्याला थेट विचारा, विचारल्याने धोका वाढत नाही, असं त्यांनी सांगितलं. विचारलं. "येतो, पण काही ठरवलेलं नाही," म्हणाला. त्याच दिवशी शेतातली फवारणीची औषधं चुलत्यांच्या घरी कुलपात ठेवली. रात्री मी त्याच्याच खोलीत झोपतो.

केंद्रातले समुपदेशक म्हणतात, दारू सोडल्यावर असं होतंच, व्यसनमुक्तीच्या मीटिंगा चुकवू नका. मीटिंगला तो जातो. मला मात्र ही नुसती तलफ वाटत नाही. दारूच्या आधीही, कॉलेजात असताना, तो असाच घाबरायचा. झोपेच्या गोळ्यांची मला भीती वाटते, एक सुटून दुसरं लागायला नको.

उद्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवतोय, इथल्या उत्तरांसाठी थांबलेलो नाही. पण पुढचं विचारायचंय: सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात व्यसन आणि चिंतेचा आजार या दोन्हींवर एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांकडे उपचार कुठे होतात? आणि तुमच्या घरच्यांना सवय न लावणारी औषधं दिली असतील, तर फरक पडेपर्यंतचे आठवडे तुम्ही त्यांना कसे सांभाळले?