मदत हवी आहे: प्रत्यारोपण झालेल्या बहिणीपर्यंत बाहेरचे आजार पोहोचू नयेत म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या बहिणीचं किडनी प्रत्यारोपण झालंय. नवी किडनी छान काम करतेय. शरीराने ती नाकारू नये म्हणून ताईला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली. पहिले काही महिने सर्वात जास्त जपायचे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. औषधं मात्र कायमची. ती सध्या आमच्याकडेच राहते. घरात मी, नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा, म्हणजे रोज शंभर लोकांत मिसळून परत येणारे तिघं.

घरी सोडताना रुग्णालयाने छापील कागद दिला: हात धुवा, गर्दी टाळा, आजारी माणसापासून लांब राहा. पण आजारी माणूस ओळखायचा कसा? फ्लू झालेला माणूस त्रास सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना तो देऊ शकतो. कांजिण्यांचंही तसंच, पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते. समोरचा ठणठणीत दिसतोय यावर विसंबायचं तरी किती?

आम्ही सध्या जे सुचेल ते सगळं करतोय. बाहेरून आलं की हात-पाय धुणं, कपडे बदलणं, मोबाईल पुसणं, दारांच्या कड्या आणि नळ सकाळ-संध्याकाळ पुसणं, बाजारातून आलेली प्रत्येक पिशवी पुसणं. माझ्या हातांची सालं निघायला लागली आहेत. आणि एवढं करून रात्री आम्ही चौघं एसी लावून, खिडक्या बंद करून एकाच खोलीत टीव्हीसमोर बसतो. हे कुठेतरी चुकतंय असं मला आतून वाटतं. यातलं खरंच गरजेचं काय आणि काय सोडलं तरी चालेल?

दुसरी अडचण माणसांची. ताईला भेटायला लोक मायेने येतात. दारात उभं राहून म्हणतात, "थोडी सर्दी आहे, अ‍ॅलर्जीची असेल." त्यांना परत कसं पाठवू? ऑफिसात तर बंद मीटिंग रूममध्ये शेजारचा खोकत असला तरी उठून जाता येत नाही.

आणि मुलगा. तो पूर्वी शाळेतून आला की थेट मावशीच्या पलंगावर जाऊन बसायचा. आता उंबऱ्याशी थांबतो, धुतलेले ओले हात पुढे करून दाखवतो आणि विचारतो, "आत येऊ का?" ताई "ये रे" म्हणते, पण तिचा चेहरा पाहवत नाही. त्याचं नाक नुसतं वाहत असेल, ताप नसेल, तरी त्याला तिच्यापासून लांब ठेवायचं का?

कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करते. ताईंना लवकर बरं वाटो. तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. तुमची सगळी ताकद पुसण्यात जातेय आणि हवा तशीच राहतेय.

फ्लू, कोविड, गोवर हे प्रामुख्याने श्वासावाटे पसरतात. बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अगदी बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेतून लागण होऊ शकते. घरातला साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या तरी उघड्या ठेवा. एकच खिडकी असेल तर तिच्यात पंखा बाहेरच्या दिशेने लावा. जमलं तर हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणारी गाळणी असलेला) एअर प्युरिफायर ताईंच्या खोलीत ठेवा, मात्र तो खोलीच्या आकाराला पुरेल असा असू द्या. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्रही मिळतं. मोकळ्या हवेत ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवतं. खोलीत ८००च्या आत राहिलं तर हवा बऱ्यापैकी खेळतेय असं समजा. तुमच्या टीव्हीच्या खोलीत एकदा लावून बघाच.

बाजाराच्या पिशव्या पुसणं आजपासून बंद करा. घरात कुणी आजारी नसेल तर कड्या-नळ रोजच्या साफसफाईत पुसले तरी पुरे. हात मात्र सोडू नका, फक्त वेळा ठरवा: बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, शौचानंतर, नाक शिंकरल्यावर. २० सेकंद, अंगठा आणि बोटांची टोकं धरून. २०१५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका निरीक्षणात ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते. ती सवय मोडणं अवघड आहे, हात स्वच्छ ठेवणं त्यापेक्षा सोपं. सालं निघतायत तर धुतल्यावर लगेच मलम लावा, भेगा पडलेली त्वचा स्वतःच संसर्गाला वाट देते.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर सॅनिटायझरवर विसंबू नका. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरमधलं अल्कोहोल फारसं चालत नाही. तिथे साबण-पाणीच हवं, आणि संडास-बाथरूम ब्लीचच्या द्रावणाने पुसायचं. त्या माणसाने बरं वाटल्यावरही किमान दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

लसींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ताईंना जिवंत विषाणूच्या लसी सहसा देत नाहीत, म्हणून तुम्ही तिघांनी आपल्या लसी पूर्ण करणं हेच त्यांचं मोठं कवच. फ्लूची इंजेक्शनची लस दरवर्षी घ्या, तिचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात. मुलाला तोंडावाटे पोलिओचा डोस द्यायची वेळ आली तर आधी ताईंच्या डॉक्टरांना विचारा, कारण त्या लसीचा विषाणू काही काळ शौचातून बाहेर पडतो.

प्रतिसाद २

ऑफिससाठी: एन-९५ घाला आणि तो नीट बसतोय का ते बघा. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकाजवळून हवा निसटतेय, वरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून घ्या. साध्या सर्जिकल मास्कला गालांपाशी फट राहते. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची घेऊन दार उघडं ठेवायला सांगणं मला खोकणाऱ्याला टोकण्यापेक्षा सोपं वाटतं. साहेबांना एकदाच खरं सांगून ठेवा. घरी प्रत्यारोपणाचा पेशंट आहे म्हटल्यावर समजूतदार माणसं अडवत नाहीत.

प्रतिसाद ३

मी स्वतः प्रत्यारोपण झालेला आहे, माझं यकृत बदललंय. वरचं सगळं पटलं. थोडं वेगळं सांगतो.

हे नियम ताईंशी बोलून ठरवलेत का? तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही, मिस्टर, मुलगा, पाहुणे सगळे बोलतायत, ताई फक्त "ये रे" म्हणतात. माझ्या घरच्यांनी सुरुवातीला मला असंच जपलं. प्रेमानेच, पण मी माझ्याच घरात ठेवलेली वस्तू झालो होतो. मग मीच यादी केली: कोणता धोका मला घ्यायचाय आणि कोणता नाही. मित्रांना मी गच्चीवर भेटतो. बंद हॉलमधल्या समारंभाला जात नाही. भाचा आजारी नसेल तेव्हा मांडीवर बसतो.

पाहुण्यांना दारात अडवायची वेळच येऊ देऊ नका. आदल्या दिवशी मेसेज करा: "ताईला तुम्हाला भेटायचंय. घरात कुणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर आपण भेट पुढे ढकलू, व्हिडिओवर बोलू." मी तर स्वतःच्या नावाने पाठवतो. पेशंटनेच सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणखी एक. ताप ३८ अंश सेल्सिअस झाला की थांबायचं नाही, लगेच प्रत्यारोपणाच्या टीमला फोन. आपल्याला या औषधांमुळे मोठा संसर्ग असूनही ताप कमीच चढू शकतो, म्हणून अंगात कणकण असली तरी कळवा. मनाने औषध तर अजिबात नको. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने किडनीला त्रास होतो, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची पातळी रक्तात वाढते. शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या आणि मुलगा किंवा ताई त्याच्या संपर्कात आल्या असं कळलं, तर त्याच दिवशी कळवा. ताईंचा थेट संपर्क झाला असेल तर उपाय ठरावीक दिवसांतच करावा लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून ताईला फोन हातात दिला. तिने पूर्ण धागा दोनदा वाचला आणि म्हणाली, "मेसेज मी लिहिते." टीव्ही बाहेरच्या मोठ्या खोलीत हलवतोय, तिथे दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. गरम होईल, पण पंख्यावर भागवू. पिशव्या पुसणं बंद.

मुलाच्या नाकाचं मात्र कुणीच लिहिलं नाही. त्याला दर थोड्या दिवसांनी काहीतरी होतंच.

प्रतिसाद १

राहूनच गेलं, माफ करा. नाक वाहायला नुकतीच सुरुवात झाली असेल तर तेच दिवस जास्त पसरवण्याचे. तेव्हा तो दुसऱ्या खोलीत झोपेल, टॉवेल-पेला वेगळा ठेवेल, आणि ताईंजवळ येताना दोघंही मास्क लावतील, शक्यतो उघड्या खिडकीपाशी किंवा गॅलरीत. ताप नाही म्हणून लागण होणार नाही, असं नसतं. बहुतेक सर्द्या आठवडाभरात ओसरतात. नंतर नुसता थोडा खोकला रेंगाळला आणि बाकी तो नीट खेळत-खात असेल तर हळूहळू नेहमीसारखं वागू द्या.

आणि उंबऱ्यावर हात दाखवायला लावू नका. हात धुवायची जागा दाराजवळ करा, येता-जाता तुम्ही सगळेच धुवा. म्हणजे तो एकटाच तपासला जातोय असं त्याला वाटणार नाही.