मदत हवी आहे: गरोदरपणात आई रडली तर मुलगा 'बायकी' होतो म्हणे, कितपत खरं?

सुरंगी:
नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. वहिनीला सहावा महिना लागलाय. मागच्या महिन्यात तिचे वडील अचानक गेले. तेव्हापासून जेवण नावाला आणि रात्रभर टक्क जागी. त्यात आमच्या आतेने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला की पोटुशी बाई रडत राहिली तर मुलाचं 'पुरुषी हार्मोन' आटतं आणि तो बायकी निघतो. मुलगा की मुलगी कुणालाच ठाऊक नाही, सांगणं कायद्याने गुन्हा, पण आतेने मुलगाच धरलाय! वहिनी आता रडायलाही घाबरते. परवा पेजेची वाटी निवत पुढ्यात तशीच, आणि मला हळूच म्हणते, "माझ्यामुळे बाळाला काही होणार नाही ना गं?"

व्हिडिओत 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' होतं म्हणून शोधलं. निव्वळ थाप म्हणावी तर तसंही नाही. १९७२ मध्ये इंगबोर्ग वॉर्ड या संशोधक बाईंनी उंदरांच्या गाभण माद्यांना शेवटच्या आठवड्यात अरुंद नळ्यांत कोंडून वर प्रखर दिवे लावले. त्यांची नर पिल्लं मोठी झाल्यावर माद्यांवर कमी चढली, आणि मादीचे हार्मोन टोचल्यावर समागमाला तयार मादीसारखी पाठ वाकवू लागली. कारणही पुढे सापडलं. नर गर्भात टेस्टोस्टेरॉनची (म्हणजे पुरुषी हार्मोनची) लाट गाभणपणाच्या १८व्या-१९व्या दिवशी यायची, ती ताणामुळे १७व्या दिवशीच येऊन ओसरली.

माणसांचं मात्र गोंधळाचं. जर्मनीत गुंटर ड्यॉर्नर या संशोधकांनी दावा केला की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या पुरुषांत समलैंगिक जास्त, कारण आयांवर युद्धाचा ताण. १९९१ च्या अमेरिकन पाहणीत थेट आयांनाच विचारलं, तर समलैंगिक पुरुषांच्या आयांना गरोदरपणी जास्त ताण होता असं काही दिसलं नाही. मग उंदरांचं माणसाला किती लावायचं? आणि आतेला सांगायचं कसं? (मुलगा 'बायकी' झाला तर बिघडलं काय, हा माझा वेगळाच प्रश्न. तो आत्ता काढला तर चवथीपर्यंत अबोला.)

कुळागर:
बालरोग विभागात काम करते म्हणून लिहिते. उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत, मेंदू अर्धाकच्चा असतानाच जन्मतं. शिवाय त्याच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनचं आधी इस्ट्रोजेन (एरवी बायकी म्हणतात ते हार्मोन) होतं आणि नराची घडण मुख्यतः त्यातून होते. माणसात टेस्टोस्टेरॉनचंच थेट काम जास्त, आणि मुलाच्या गर्भात त्याची भरती साधारण १२ ते १६ आठवड्यांत. वहिनीचं दुःख त्यानंतरचं. वारेतलं एक एन्झाइम आईचं बरंचसं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाटेतच निष्क्रिय करतं, तेही आहे.

गर्भातल्या हार्मोनचा माणसाच्या वागण्यावरचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो तो सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया) या जन्मजात आजारात. गर्भाच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जास्त अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) तयार करतात. अशा मुली खेळण्यातल्या गाड्यांत जास्त रमतात, तरी बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. आणि हा जनुकीय दोष आई-बाप दोघांकडून येतो, कुणाच्या रडण्याने नाही. आतेला एवढंच सांगा.

काळजी करायची ती जेवण-झोपेची. तीव्र, लांबलेल्या ताणाचा संबंध वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी आणि बाळाच्या कमी वजनाशी आढळलाय. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना झोपेचं आवर्जून सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे. आणि रडू द्या हो तिला.

मांडवीकाठ:
आतेला आधी ग्रुपमधून काढा :)

सुरंगी:
काढलं तर ती थेट घरी येईल! कुळागर, खूप आभार. वारेचा मुद्दा तिला पटेल, गावातली बाळंतपणं तिने पाहिलीत. शुक्रवारी तपासणी आहे, मीच सोबत जाते. झोपेची गोळी देतील का हो पोटुशीला?

कुळागर:
गरज वाटली तर चालणारी कुठली ते तेच ठरवतील. मेडिकलमधून स्वतःहून काही आणू नका, 'आयुर्वेदिक आहे' म्हणूनही नाही.