मदत हवी आहे: ई-रीडरची पानं आपोआप उलटतात, बाबा वैतागलेत

धागाकर्ता: दिवाळीत बाबांना (वय ७८) ई-रीडर घेऊन दिला. आठवडाभर कौतुक, आता रोज तक्रार. वाचता वाचता पान पुढे जातं, कधी मागे येतं, मध्येच एखादा शब्द काळा होऊन शब्दकोश उघडतो. मी हातात घेतला की काही होत नाही! दुकानदार म्हणतो, "बधुं बराबर छे." दोनदा रीसेट केला. कृपया 'छापील वाचा' सांगू नका, बारीक टाइप दिसत नाही म्हणूनच घेतलाय. रविवारी परत करायची मुदत संपते.

खटपट्या: मॉडेल कोणतं? फाइल पीडीएफ की ईपब (ज्यात नुसतं अक्षर मोठं करता येतं)? स्क्रीनगार्ड आहे का? नुसतं 'बिघडलंय' म्हणून कसं कळणार?

धागाकर्ता: सहा इंची, काळा. गार्ड नाही. फाइलचा काय संबंध? पान उलटतंय हा प्रश्न आहे.

खटपट्या: संबंध आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं, मग ते बोटानं सरकवत बसा. त्यात पान उलटणारच.

धागाकर्ता: ईपब आहे. विकत घेतलेलं.

चष्मिष्ट: मराठी फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर आधी युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरं) करून घ्या. मी न बदलता ईपब केलं होतं, नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

धागाकर्ता: अक्षरं नीट दिसतात हो!!

सुरसागरकाठी: मुळात पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहत नाही. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. ते सोडून हे डबडं कशाला?

चष्मिष्ट: काका, काचेच्या जमिनीनं टाइप मोठा होतो का? ७८ व्या वर्षी माणसानं त्या ग्रंथालयापर्यंत मांडवीच्या गर्दीतून रिक्षा काढत जायचं, आणि तिथेही अक्षर बारीकच.

सुरसागरकाठी: मी ७४ चा आहे. जातो.

भूकलाडू: जाताच आहात तर येताना सेव-उसळ खाऊन या, तर्री जास्त घ्या.

दांडियाबाजारची ताई: एक विचारू? बाबा ओळीखाली बोट फिरवत वाचतात का?

धागाकर्ता: हो, मग? चाळीस वर्षं रोजमेळ तपासलेत, बोटाशिवाय त्यांना ओळ सापडत नाही. त्यात काय विशेष?

दांडियाबाजारची ताई: अहो, तेच तर! बहुतेक रीडरांत डाव्या कडेला बोट लागलं की मागचं पान, बाकी कुठेही लागलं की पुढचं. एका शब्दावर रेंगाळलं की शब्दकोश. बाबा ओळ डावीकडून सुरू करतात, अवघड शब्दापाशी थांबतात. तुम्ही बोट न लावता वाचता, म्हणून तुमच्यापाशी यंत्र गुणी. परत करू नका. प्लॅस्टिकची किंवा लाकडी फूटपट्टी द्या, ओळीखाली धरायला. धातूची नको.

खटपट्या: पट्टी सगळीकडे चालत नाही. काही जुन्या यंत्रांत कडेनं इन्फ्रारेड किरण असतात, तिथे कुठलीही वस्तू आड आली तरी स्पर्श समजतो. आधी पेन्सिलीची मागची बाजू टेकवून बघा. पान हललं नाही तर ताईंचा उपाय चालेल. नाहीतर बाजूला बटणं असलेला आणि टच बंद करता येणारा बघा.

दांडियाबाजारची ताई: आणि ओळींमधलं अंतर वाढवा. पानावर आठ-दहा ओळीच राहिल्या की बोटाची गरजही कमी लागते. आमच्या सासूबाईंचं तसंच झालं.

धागाकर्ता: पेन्सिल टेकवली, पान जागचं हललं नाही. नातवाची पट्टी दिली. काल दीड तास सलग वाचत होते. ताई, आभार. आता नवीन तक्रार: खाली पान नंबरऐवजी टक्के का दाखवतो? म्हणाले, "मी काय व्याज काढतोय?"

खटपट्या: त्या टक्क्यांवर टॅप केलं की बदलतं. पुस्तकात पानांचे आकडे दिले असतील तर ते येतात.

सुरसागरकाठी: पट्टी लाकडी दिली की प्लॅस्टिकची?

नवा_सभासद: मेमरी भरली असेल. रीसेट करून पाहिला का?