गेमचा पहिला खर्डा कागदावरच झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे

चिंचोके

मंडळी, गेल्या वर्षी आम्ही तिघांनी एक टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, कॉम्प्युटर गेम करायला घेतला. विषय पाण्याच्या टँकरचा: सात वाड्या, दोन टँकर, आटत चाललेली एक विहीर. पाणी आधी कुठे पोचवायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. गेम बांधायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, ठरलं, नकाशा झाला, टँकरची चाकं फिरायला लागली, संगीतसुद्धा आलं. चार महिने गेले.

एका रविवारी लाइट गेली म्हणून तोच गेम आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला वाड्या काढल्या आणि पाण्याच्या खेपा म्हणून चिंचोके घेतले. पाऊण तासात सगळं उघडं पडलं. जवळच्या वाडीला एका फेरीत दोन खेपा होत होत्या, लांबच्या वाडीला एकच, आणि गुण खेपांवर होते. म्हणजे जवळची वाडी हीच कायम फायद्याची खेळी. खेळणाऱ्याला ठरवायला काही उरलंच नव्हतं, आणि आम्ही चार महिने त्यावर रंग चढवत होतो.

तिथेच एक नियम पेनाने लिहिला: ज्या वाडीला सलग दोन फेऱ्या पाणी नाही, तिथली दोन माणसं गाव सोडतात, ती परत येत नाहीत. पुढच्या डावात माझी भाची टँकर हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, आता हा गेम आहे.

कागदाचा मोठा गुण म्हणजे तो फाडता येतो. तीन आठवडे राबून लिहिलेलं कोड टाकून द्यायला हात धजत नाही. शिवाय चकचकीत स्क्रीन दाखवली की लोक "छान आहे" म्हणून मोकळे होतात, पण वाकड्यातिकड्या पेन्सिलच्या रेघा दिसल्या की तीच माणसं न संकोचता चुका सांगतात. रिचर्ड गारफिल्डचा 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ मध्ये बाजारात आला, पण त्याआधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली मित्रमंडळी तो हाताने केलेल्या पत्त्यांवर खेळत होती. नव्याने गेम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, पहिले पंधरा दिवस लॅपटॉप उघडू नका.

साठ फ्रेम

शेवटच्या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. मॅजिक हा मुळात पत्त्यांचाच खेळ, तो कागदावर तपासला जाणारच. मी उड्या मारायचे गेम करतो. माझ्या गेमचा जीव सेकंदाच्या दहाव्या भागात असतो.

कडेवरून पाय सुटल्यावरही पाच-सहा फ्रेमपर्यंत (स्क्रीनवर सेकंदाला साठ चित्रं, त्यातलं एक म्हणजे फ्रेम) उडी मान्य करायची, ही आमच्याकडची जुनी युक्ती आहे. ती नसेल तर खेळणारा म्हणतो, "मी बटण दाबलं होतं!" ती असेल तर त्याला कळतही नाही, फक्त गेम आपलासा वाटतो. हे लग्नपत्रिकेवर कसं मांडणार?

टेट्रिस घ्या. आलेक्सेई पाजित्नोव्हपुढे पेंटोमिनोचं कोडं होतं, पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे. १९८४ मध्ये त्याने ते चार चौकोनांवर आणून सात आकार केले आणि संगणकावर वरून खाली सोडले. तुकडे टेबलावर निवांत रचता येतात तोवर ते कोडंच असतं. ते पडायला लागले आणि वेळ अपुरी पडायला लागली, तिथे टेट्रिस जन्मला. आणि फेकून द्यायला कोडही स्वस्त असू शकतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये एकेकट्याने सात दिवसांत एक गेम करायचा असा प्रयोग केला होता. त्यातल्याच 'टॉवर ऑफ गू'मधून पुढे 'वर्ल्ड ऑफ गू' आला.

चिंचोके

पण सुपर मारिओपेक्षा उडीचा मोठा गेम कोणता? तो करणारे मियामोतो आणि तेझुका त्याच्या लेव्हल ग्राफ पेपरवर काढत. निन्टेन्डोने २०१५ मध्ये ते कागद व्हिडिओत दाखवलेत. बंदुकीच्या गेमचंही सांगतो. गेम डिझाइन शिकवणाऱ्या ट्रेसी फुलर्टन आपल्या विद्यार्थ्यांना तोसुद्धा षट्कोनी घरांच्या पटावर खेळायला लावतात: प्रत्येकाने चाल, वळण, गोळी यांची तीन कार्डं पालथी ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम उलटायची.

साठ फ्रेम

ग्राफ पेपरवर लेव्हलचा नकाशा होता हो, उडी नव्हती. मारिओ किती उंच आणि किती लांब जातो हे माहीत असल्याशिवाय खड्डा किती घरांचा काढायचा हे कसं कळणार? तुमच्याच उदाहरणात उडी आधी आहे, कागद नंतर. आणि षट्कोनी पटावरचा गोळीबार म्हणजे बुद्धिबळाचा चुलतभाऊ. त्यातून पटाची रचना कळेल, नेम धरतानाची छातीतली धडधड कळणार नाही.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. कागद खोटा होकार देतो. आमच्या गटातल्या एकाने पहारेकऱ्यांना चुकवत वाड्यात शिरायचा गेम कागदावर मांडला. पहारेकऱ्यांचं काम तो स्वतः करायचा. "कंदील हलतोय... पायरी वाजली..." असं काही बोलायचा की आम्ही श्वास रोखून बसायचो. सगळ्यांनी पसंती दिली, सहा महिने कोड झालं. स्क्रीनवर पहारेकरी नुसता डावीकडून उजवीकडे चालत होता. रंगत त्या माणसाच्या तोंडात होती, नियमांत नव्हती, आणि कागदाने आम्हाला ते कळूच दिलं नाही.

अर्धी वही

मी डिझाइन शिकवते. साठ फ्रेम म्हणतात तो धोका खरा आहे, आमच्या वर्गात तो दर सत्रात घडतो. म्हणून आमच्याकडे कागदी डावात संगणकाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने मुकं राहायचं असतं. नियमात लिहिलंय तेवढंच करायचं, सोंगट्या हलवायच्या, भुवईसुद्धा उचलायची नाही. नियमात नसलेलं काही विचारलं गेलं तर खेळ थांबवून ते वहीत लिहायचं. पहिल्या डावात असे वीस-पंचवीस प्रश्न निघतात आणि तेच खरं काम असतं. तुमच्या मित्राचा पहारेकरी मुका असता तर त्याच दिवशी गेम कंटाळवाणा निघाला असता.

दुसरं, माझ्या वर्गात निम्म्या मुलांना कोड येत नाही. थेट इंजिन उघडलं की ज्याला कोड येतं त्याचाच गेम होतो, बाकीचे चित्रं काढून देतात. टेबलावर मात्र सगळ्यांचा हात सोंगट्यांपर्यंत पोचतो. एवढ्या एका कारणासाठी मी कागद सोडणार नाही.

खतावणी

दोन्ही बाजू आकड्यांना विसरताहेत. टेबलावर तुम्ही दहा डाव खेळाल. शंभरात एकदा जुळून येणारी पत्त्यांची जोडी, जी सगळा गेम मोडते, ती दहा डावांत दिसेलच असं नाही. 'स्ले द स्पायर' २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि पत्त्यांची ताकद लोकांच्या खऱ्या डावांचे आकडे पाहून ठरत गेली. पत्त्यांचाच गेम, तरी कागद पुरला नसता. माझं काम आधी स्प्रेडशीटमध्ये सुरू होतं.

चिंचोके

खतावणी, आकडे नंतर लागतीलच. पण खेळणाऱ्याला निवड आहे की नाही, हे आमच्या टँकरला पाऊण तासात कळलं. स्प्रेडशीटमध्ये काय शोधायचं हेच तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

'पहिले पंधरा दिवस लॅपटॉप नको' हे मात्र सगळ्यांसाठी म्हणणं चूक होतं, मागे घेतो. उडी यंत्रावरच जमवावी. पण साठ फ्रेम, उडी जमल्यावर ती कशासाठी मारायची, हा प्रश्न उरतोच ना? सध्या काय करताय?

साठ फ्रेम

हिरकणीच्या गोष्टीवरून कडा उतरायचा गेम. हाताची पकड, घसरणारी माती, हे हातात मस्त बसलंय. महिनाभर तेवढंच केलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. अडलंय ते दुसरीकडे: उतरायच्या तीन वाटा आहेत आणि सगळे मधल्याच वाटेने जातात.

चिंचोके

म्हणजे तुमचीही जवळची वाडी निघाली. अंतर, पकड किती खर्च होते आणि अंधार, एवढं धरून तिन्ही वाटा कागदावर काढा. मातीची घसरण सोडून द्या.

साठ फ्रेम

घसरण सोडली तर मधली वाट सोपी का आहे हेच कळणार नाही, असं मला अजून वाटतं. तरी शनिवारी मांडतो. अर्धी वही, जमलं तर या. मुका संगणक तुम्ही व्हा.

अर्धी वही

येते. चिंचोके मात्र तुमच्याकडचे.