फ्लॅट लगेच ट्रस्टमध्ये टाकू नका

एका पालकाने विचारलंय की त्यांचा मुलगा मतिमंद आहे, तर दादरचा फ्लॅट, पीपीएफ, एफडी, शेअर्स सगळंच त्याच्यासाठीच्या खाजगी ट्रस्टमध्ये (म्हणजे विश्वस्तांनी त्याच्यासाठी मालमत्ता सांभाळण्याच्या व्यवस्थेत) टाकावं का. माझं स्पष्ट मत, सरसकट नको.

पीपीएफ ट्रस्टच्या नावावर करताच येत नाही. मुदत संपल्यावर पैसे हातात आले की ते ट्रस्टला द्या. एफडी आणि म्युच्युअल फंड मात्र आधी द्या. मुलाच्या औषधपाण्याला आणि केअरटेकरच्या पगाराला रोकडच लागते. नुसत्या भिंतींतून महिन्याचा खर्च निघत नाही.

फ्लॅटचं गणित वेगळं. जवळच्या नातलगाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, पण ती सवलत पती-पत्नी, मुलं, नातवंडं अशा माणसांसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. तिथे बाजारभावावर ड्युटी बसते. दादरच्या भावाने हा आकडा केवढा होईल बघा! शिवाय दस्त नोंदवायचा आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नावही बदलायचं. त्यापेक्षा ट्रस्ट आत्ताच स्थापन करा आणि फ्लॅट मृत्युपत्राने ट्रस्टला द्या. १८८२चा ट्रस्ट कायदा ते चालवून घेतो.

पागडीची खोली (मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली) असेल तर आधी वकिलाला भाडेपावती दाखवा, कारण ती मालकी नव्हे.