मानेभोवती काळा पट्टा, चेहऱ्याला सूज: उन्हाचं किती, दारूचं किती?

हुरडामळा
मोठ्या भावाचं वय 43. सोलापुरातच सेंट्रिंगचं काम, दिवसभर उन्हात. रोज संध्याकाळी एक क्वार्टर व्हिस्की, रविवारी दोन. रात्री जेवण जवळजवळ नाहीच. सकाळी चहा आणि कडक भाकरी, तेवढंच. दोन महिन्यांपासून गळ्याभोवती काळपट, खरबरीत पट्टा उठलाय. पंजांच्या वरच्या बाजूलाही तसंच. उन्हात गेलं की आग होते. सकाळी डोळ्यांखाली सूज, चेहरा तांबूस-काळा. वहिनींनी मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणली, तर चेहरा जास्तच सोलपटला. यात उन्हाचं किती आणि दारूचं किती? दारू बंद केली तर डाग जातील का?

चर्मचिकित्सा
ती ट्यूब आधी बाजूला ठेवा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्याची कातडी त्यानं पातळ होते. किती दिवस लावली ते डॉक्टरांना सांगा, ट्यूबही सोबत न्या.

आता गळ्याचा पट्टा. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. ऊन लागतं तिथंच, डाव्या-उजव्या बाजूला सारखाच, कडा रेघ ओढल्यासारखी, कातडी जाड आणि भेगाळलेली, वर आग, असं असेल तर पहिला संशय पेलाग्राचा. म्हणजे नायसिनची, बी-3 जीवनसत्त्वाची कमतरता. घरी एवढं बघा: शर्टाचं वरचं बटण उघडं राहतं तिथून छातीवर पट्टा उतरलाय का? हातात घड्याळ असेल तर काढून बघा, पट्ट्याखालची कातडी चांगली आणि शेजारची काळी दिसते. जीभ लालभडक, गुळगुळीत झालीय का? तिखट झोंबतं का? जुलाब, झोप न लागणं, चिडचिड, विसरभोळेपणा आहे का?

मान काळी म्हणजे पेलाग्राच, असंही नाही. मानेच्या मागच्या बाजूला आणि काखेत मखमलीसारखा काळेपणा असेल, आग होत नसेल, तर उपाशीपोटी साखर तपासा. तो प्रकार मधुमेहाच्या वाटेवरचा असतो.

हे दारू पिणाऱ्यांनाच जास्त का होतं? क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी मिळतात, भूक मरते, जेवण सुटतं. त्यात दारूमुळं आतड्यातून जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. आणि आपलं मुख्य अन्न ज्वारी. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचा (प्रथिनांच्या घटकाचा) आणि पेलाग्राचा संबंध डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 सालीच मांडला. दख्खनमधल्या नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा आजार तेव्हा भरपूर दिसायचा. ज्वारी सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. कोरडी भाकरी आणि सोबत काहीच नाही, हे घातक. आपली शेंगाचटणी इथं खरंच कामाची आहे: 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 12 मिलिग्रॅम नायसिन असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 16 च्या आसपास. जोडीला डाळ, अंडी, दूध.

औषध स्वस्त आहे. निकोटिनामाइड, म्हणजे बी-3 चंच एक रूप, सहसा दिवसाला 300 मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून, तीन-चार आठवडे, सोबत बी-कॉम्प्लेक्स. हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं. निकोटिनिक अ‍ॅसिड ही वेगळी गोळी, तिनं चेहरा तापून लाल होतो. आग आणि जिभेचा त्रास थोड्याच दिवसांत कमी होतो, कातडी बदलायला महिना लागतो. तोवर बाहेर पूर्ण बाह्या आणि गळ्याला पंचा.

मापात_बोला
चेहऱ्याबद्दल लिहितो. 42.8 टक्क्यांच्या 60 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, 180 च्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. अल्कोहोल लघवी रोखणारं संप्रेरक दाबतं. 10 ग्रॅममागे साधारण 100 मिली लघवी जास्त होते, म्हणजे क्वार्टरमागे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामावाटे गेलेलं पाणी वेगळंच. ओठ फुटणं, कातडी ओढल्यासारखी होणं यातून येतं. डोळ्यांखालच्या सुजेला खारा चखणा आणि मोडकी झोप या दोन गोष्टीही कारण. पण सूज पायांवर असेल, बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर चखण्याला दोष देऊ नका. ते यकृताचं किंवा मूत्रपिंडाचं असू शकतं.

तांबूसपणा रक्तवाहिन्या फुलल्यामुळं. सावळ्या रंगावर तो लाल न दिसता तांब्यासारखा दिसतो, म्हणून बरेच जण 'उन्हानं रापलाय' म्हणून सोडून देतात. वर्षानुवर्षं फुललेल्या बारीक शिरा दारू सोडूनही पूर्ण जात नाहीत.

छातीवर, गळ्यावर कोळ्याच्या पायांसारखे लाल ठिपके आहेत का, तेही बघा. मधल्या बिंदूवर पेन्सिलचं टोक टेकवलं की ठिपका नाहीसा होतो आणि सोडल्यावर मधून बाहेर भरत येतो. एखाद-दुसरा चालतो. पाचाच्या वर असतील, तळवे लाल असतील, अंगाला खाज आणि डोळे पिवळट असतील, तर यकृताची तपासणी पुढं ढकलू नका.

बाळीवेस
मग व्हिस्कीऐवजी बिअर किंवा वाइन घेतली तर? रेड वाइन कातडीला चांगली म्हणतात.

मापात_बोला
स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे 40 ग्रॅमच्या पुढं, दोन मोठ्या पेगांएवढी. रेड वाइननं तर चेहऱ्याचा लालपणा बऱ्याच जणांत जास्त भडकतो. द्राक्षाचा फायदा हवा असेल तर द्राक्षं खा, आपल्या जिल्ह्यात काय कमी आहेत?

गोळीचिठ्ठी
औषधांचं कुणी लिहिलं नाही. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिन चालू असेल तर यकृतावर दुहेरी भार पडतो. ग्रिसिओफुल्विन किंवा मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली तर चेहरा तापणं, उलटी, धडधड होऊ शकते. सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट असेल तर दारू पूर्ण बंद. खाजेच्या गोळीनं, विशेषतः हायड्रॉक्सिझिननं, गुंगी वाढते, आणि सेंट्रिंगवाल्याला उंचीवर चढायचं असतं.

दुसरं, हे घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा: रोज क्वार्टर घेणाऱ्यानं आजपासून एकदम शून्य असं घरच्या घरी करू नये. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम, भास, थरथर. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन हे सांभाळतात. 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा' असंही परस्पर करू नका. आधी थायमिन, म्हणजे बी-1, मग ग्लुकोज. उलटं केलं तर मेंदूला इजा होऊ शकते. कुठं जावं सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

हुरडामळा
घड्याळ काढून बघितलं. पट्ट्याखाली कातडी साफ आहे. जीभ लाल आहे, आणि पंधरा दिवस पोट बिघडलंय ते आम्ही पाण्यावर ढकलत होतो.

चर्मचिकित्सा
मग उद्याच सिव्हिलला न्या. त्वचारोग आणि मेडिसिन, दोन्हीकडं दाखवा. 'रोज 180, दोन महिने डाग, पंधरा दिवस जुलाब' असं कागदावर लिहून न्या, भाऊ स्वतः आकडा कमी सांगतील. रक्ताच्या तपासण्या सांगतील त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी (यकृताची तपासणी), साखर आणि हिपॅटायटिस बी-सी आहे का विचारा. पंजांवर ऊन लागून पाण्याचे फोड येत असतील तर तेही सांगा, तो पॉर्फिरिया नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी लघवीतून होते.